फिंगर लागेना, ओटीपी येईना: राबणाऱ्या हातांना मोबाईलचं, स्टार्टरचं, कॅमेऱ्याचं कोणतं लॉक बरं?

येळ्ळूरची_सून

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातल्या लोकांचा अनुभव हवाय म्हणून धागा काढतेय. नेटवर या विषयावर ढीगभर लिहिलेलं आहे, पण ते सगळं ऑफिसात बसणाऱ्यांच्या हातांसाठी.

आमच्याकडे सासूबाई आणि मामंजी दोघंही शेतात असतात. भाताची लावणी सुरू झाली की चिखलाने दोघांच्या बोटांची सालं निघतात. सासूबाईंना नवीन मोबाईल घेतला, स्क्रीनवरच बोट टेकवायचं असतं तसला. उन्हाळ्यात छान उघडायचा, लावणीत उघडेचना. शेवटी वैतागून त्यांनी शेजारच्या पोराकडून लॉकच काढून घेतलं. त्या मोबाईलमध्ये त्यांचं यूपीआय आहे, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे पैसे येतात ते खातं आहे, आणि मोबाईल दिवसभर बांधावरच्या पिशवीत.

विहिरीवर मोबाईल स्टार्टर बसवलाय, म्हणजे फोन लावून मोटर चालू-बंद करायची पेटी. गोठ्याकडे दोन कॅमेरे आहेत, त्यांचा पासवर्ड बसवणाऱ्यालाच ठाऊक. मिस्टर गोव्यात कामाला, घरातले निम्मे ओटीपी त्यांच्या नंबरवर जातात. कुणाच्या हातात कोणतं लॉक द्यावं, हे नीट समजून घ्यायचंय.

खडेबाजार_रिपेअर

ताई, सासूबाईंच्या बोटांत खोट नाही, सेन्सरच्या प्रकारात फरक आहे. मी मोबाईल दुरुस्तीच्या धंद्यातला. पाऊस लागला की फिंगरची तक्रार घेऊन येणारे वाढतातच.

बाजूच्या बटणात किंवा फोनच्या पाठीवर असतो तो कपॅसिटिव्ह सेन्सर. बोटावरची उंच रेष त्याला टेकते, मधली खाच टेकत नाही, आणि त्या दोन्ही जागच्या विजेच्या धारकतेतला फरक मोजून तो ठसा ओळखतो. बोट ओलं असलं की हा गोंधळतो. स्क्रीनखालचा असतो तो मध्यम किमतीच्या फोनांत बहुतेक ऑप्टिकल. तेवढ्या जागी स्क्रीन लख्ख पेटते आणि खालचा सेन्सर बोटाचा फोटो काढतो. कोरडं, भेगा पडलेलं बोट काचेला सलग टेकत नाही, त्यामुळे फोटोत रेषा उठून दिसत नाहीत. तुमच्याकडे नेमकं हेच होतंय. तिसरा अल्ट्रासॉनिक, ध्वनिलहरींनी रेषांची खोली मोजणारा. सॅमसंगने तो २०१९ मध्ये गॅलेक्सी एस१० मध्ये दिला. तो अजून बहुतेक महाग फोनांतच मिळतो. शेतात वापरायला फोन घेणार असाल तर मी बाजूच्या बटणात फिंगर असलेला घ्या म्हणेन. कोरड्या, खरखरीत बोटाला तो त्यातल्या त्यात बरा.

आता आहे त्याच फोनवर काय करता येईल? जुने ठसे पुसा. लावणीच्या दिवसांत, हात जसे आहेत तसे असतानाच, धुऊन पुसून नव्याने द्या. उजवा अंगठा आणि तर्जनी रोपं धरून झिजतात, म्हणून डाव्या हाताची अनामिका द्या. ते बोट सगळ्यात कमी राबतं. चार-पाच ठशांची जागा असते, तिथे तेच बोट दोनदा नोंदवलं तरी चालतं. काचेवरचं स्क्रीनगार्ड बदललं तर ठसे पुन्हा द्यायचे. त्याच एस१० मध्ये काही सिलिकॉन कव्हरांमुळे भलत्याच माणसाच्या बोटाने फोन उघडत होता आणि कंपनीला सुधारित सॉफ्टवेअर काढावं लागलं होतं.

सगळ्यात महत्त्वाचं: ठसा ही वरची सोय, खालचं खरं लॉक म्हणजे पिन किंवा पॅटर्न. फोन बंद करून चालू केला की अँड्रॉईड असो वा आयफोन, पहिल्यांदा पिनच मागतो, कारण आतला डेटा त्या पिनशी बांधून कुलूपबंद केलेला असतो. अँड्रॉईड एरवीही साधारण ७२ तासांनी एकदा पिन मागतो. वर्षभर फक्त बोट टेकवणारी माणसं पिन विसरतात. मग रिसेट मारावा लागतो, नातवंडांचे फोटो जातात, आणि रिसेटनंतर फोन जुनं गूगल खातं मागतो तेही आठवत नसतं. अशी रडवेली माणसं दुकानात बघितली की वाईट वाटतं.

निपाणीची_लेक

आमच्याकडे विड्या वळणाऱ्या बायकांचं हेच आहे. पान कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून बोटांची टोकं गुळगुळीत होऊन जातात. रेशनच्या मशीनवर आईचा अंगठा लागायला रांग थांबते, मागचे लोक कुरकुरतात, आणि ती मान खाली घालून परत परत बोट पुसत राहते. मला त्याचा फार राग येतो. ज्या हातांनी घर चाललं त्याच हातांना मशीन ओळख नाही म्हणतं.

डॉक्टरांनी सांगितलेलं एक लिहिते. ठशाचा मूळ साचा कातडीच्या आतल्या थरात असतो. हातांना काही आठवडे आराम मिळाला की झिजलेल्या रेषा बहुधा परत वर येतात. म्हणून आईचं आधार अपडेट करायचं तर काम कमी असेल तेव्हाच नेते. आणखी एक, कुणाच्या घरी कॅन्सरची कॅपसायटाबीन नावाची गोळी चालू असेल तर तिने तळहाताची कातडी सोलते आणि काहींचे ठसे पार नाहीसे होतात. तसं असेल तर फोनवर पिन आधीच ठेवा.

उद्यमबाग_फौंड्री

आमच्या शॉपमध्ये कास्टिंग घासणाऱ्या पोरांनी फिंगरचा नादच सोडलाय, सगळी फेस अनलॉकवर. फोन तोंडासमोर धरला की झालं. एवढा विचार कशाला करायचा वो?

खडेबाजार_रिपेअर

दादा, फेस फेसमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. आयफोनमध्ये २०१७ पासून जे आहे ते चेहऱ्यावर ३०,००० च्या वर अदृश्य ठिपके टाकून चेहऱ्याची खोली मोजतं. भलत्याच माणसाने उघडण्याची शक्यता १० लाखांत एक, असं ॲपल सांगतं, आणि त्यांच्याच बोटाच्या सेन्सरला ५०,००० त एक. पण जुळी भावंडं असतील तर तो हिशेब चालत नाही, हेही तेच सांगतात. आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक अँड्रॉईड फोन मात्र नुसत्या सेल्फी कॅमेऱ्याने चेहरा बघतात. त्यातले कितीतरी फोटो दाखवूनही उघडतात. सेटिंगमध्ये बारीक अक्षरांत इशारा लिहिलेला असतो, तो कोणी वाचत नाही.

गूगलने अँड्रॉईडसाठी तीन वर्ग पाडलेत. बनावट बोट किंवा चेहरा १०० पैकी ७ पेक्षा जास्त वेळा खपून गेला तर ते सगळ्यात भक्कम वर्गात बसत नाही. २० च्या वर गेला तर तो नुसता सोयीचा वर्ग. म्हणूनच तुमच्या पोरांचा फोन चेहऱ्याने उघडतो, पण बँकेचं ॲप चेहरा घेत नाही, पिनच मागतं. त्यांना सांगा, चेहरा ठेवायचा तर ठेवा, पण ‘डोळे उघडे असले पाहिजेत’ हा पर्याय चालू करा. झोपलेल्या माणसासमोर फोन धरणारे घरातच असतात.

नंदगडची_बाई

मी शाळेत शिकवते, सुट्टीत गावातल्या बायकांना मोबाईल शिकवायला बसते. पिन ठेवा म्हणणं सोपं आहे, पण आकडेच न ओळखणाऱ्या आजीने काय करायचं? सहा आकडी पिन सांगितला की त्या हमखास स्वतःचं किंवा नातवाचं जन्मसाल लावतात, नाहीतर कव्हरच्या आत चिठ्ठी ठेवतात.

मला पॅटर्न बरा वाटतो. या बायका आयुष्यभर ठिपक्यांची रांगोळी काढत आल्या आहेत. नऊ ठिपक्यांतून रेघ कशी वळवायची हे त्यांच्या बोटांना सांगावं लागत नाही. मी म्हणते, कोपऱ्यातल्या ठिपक्यापासून सुरुवात करू नका, इंग्रजी अक्षर काढू नका, कमीत कमी सहा ठिपके घ्या आणि एकदा तरी रेघ स्वतःलाच ओलांडून जाऊ दे. एका आजीने असा पॅटर्न बसवला की तिच्या इंजिनिअर नातवालाही बघून लक्षात राहिना.

पॅटर्नच्या सेटिंगमध्ये ‘रेघ दाखवू नका’ असा पर्याय असतो, तो नक्की लावा. आणि काच पुसत जा. तेलकट बोटाची रेघ काचेवर राहते आणि उजेडात तिरकी धरली की पूर्ण दिसते. यावर अमेरिकेत २०१० मध्ये संशोधनही झालंय.

पुण्यातला_बेळगावकर

बाईंच्या म्हणण्याला आकड्यांची जोड देतो. चार आकडी पिनच्या १०,००० शक्यता, सहा आकडीच्या १० लाख. नऊ ठिपक्यांचे सगळे वैध पॅटर्न ३,८९,११२. कागदावर पॅटर्न चार आकडी पिनपेक्षा बराच वरचढ आहे, पण लोक तेच ठरावीक आकार काढतात आणि खांद्यावरून बघणाऱ्याला आकार पटकन पाठ होतो. ज्याला आकडे लक्षात राहतात त्याने सहा आकडी पिनच ठेवावा. आजींसाठी बाईंचा मार्ग मला पूर्ण पटला. लॉकच नसण्यापेक्षा तो हजारपट बरा.

येळ्ळूरची_सून

बाई, रांगोळीचं लगेच सासूबाईंना सांगितलं, त्यांना फार आवडलं. दोन शंका. फोनमध्ये दिलेला ठसा कंपनीकडे किंवा आधारकडे जातो का? मामंजींना ती भीती आहे. आणि यूपीआयला वेगळा पिन आहेच, मग फोन उघडा राहिला तर नुकसान नेमकं काय?

खडेबाजार_रिपेअर

नाही जात. फोन ठशाचा फोटो ठेवत नाही, त्यातून काढलेल्या खुणांचा गणिती साचा ठेवतो, तोही प्रोसेसरच्या वेगळ्या बंदिस्त कप्प्यात. ॲपला फक्त ‘जुळलं’ किंवा ‘नाही जुळलं’ एवढंच कळतं. आधारचा ठसा वेगळा, तो मध्यवर्ती साठ्याशी पडताळला जातो. मामंजींची भीती चुकीच्या जागी आहे, पण भीती अगदीच फोल नाही, त्यावर कोणीतरी लिहाच.

उघड्या फोनचं नुकसान असं. यूपीआय लाईटमध्ये भरून ठेवलेले पैसे पिनशिवाय जातात. गॅलरीत आधार कार्डाचा आणि एटीएम कार्डाचा फोटो जवळजवळ प्रत्येकाच्या असतो. त्यात ओटीपी वाचायला मिळाला की यूपीआय पिन नव्याने लावायला आणखी काय हवं? ते फोटो आजच काढून टाका. आणि लॉक असतानाही मेसेजचा मजकूर स्क्रीनवर दिसत असेल तर ते बंद करा, ओटीपी तिथूनच वाचला जातो.

संकेश्वरकर

आधारच्या ठशाबद्दल मी लिहितो, कारण जवळच्या नात्यात हे घडलंय. एका सेंटरवर पैसे काढताना ‘लागला नाही, परत द्या’ म्हणून वृद्ध माणसाचा अंगठा अनेकदा घेतला आणि खात्यातून जास्तीचे पैसे गेले. २०२३ मध्ये मंगळूर भागात, जमिनीच्या नोंदणीसाठी ठसे दिलेल्या लोकांच्या खात्यांतून अंगठ्यावर पैसे गेल्याच्या तक्रारी पोलिसांत झाल्या होत्या. पिन फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. ठशाची खरी अडचण ही आहे.

उपाय आहे आणि फुकट आहे. आधारच्या अधिकृत ॲपमध्ये किंवा आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साईटवर बायोमेट्रिक लॉक लावा. ठसा, डोळा, चेहरा, तिन्ही बंद होतात. ओटीपी चालू राहतो. रेशनला किंवा पेन्शनला अंगठा द्यायचा असेल तेव्हा तात्पुरतं उघडता येतं, १० मिनिटांनी ते आपोआप परत बंद होतं. मात्र आधारला मोबाईल नंबर जोडलेला पाहिजे, आणि घरातल्या कुणीतरी महिन्याला त्यांच्यासोबत दुकानात जायची तयारी ठेवावी. म्हाताऱ्या माणसाला रांगेत एकट्याने हे जमत नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० नंबरला फोन.

कणकुंबीकर

इथे ओटीपीवर कोणीच कसं बोललं नाही? आमच्याकडे मलप्रभा उगवते तिथे पावसाळ्यात टॉवर दिवसच्या दिवस बंद. कधी गोव्याचा टॉवर पकडतो, कधी कुठलाच नाही. ओटीपीसाठी लोक गाडी काढून रेंज असलेल्या वळणावर जातात. तिथे पोचेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. आला तरी मजकूर इंग्रजीत. बँकेचा फोन लावला तर कन्नड किंवा इंग्रजी दाबा. आमची आई मराठीच वाचते. तिने काय करायचं?

पुण्यातला_बेळगावकर

कणकुंबीकर, घरात फायबरचं इंटरनेट असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. बऱ्याच हँडसेटवर त्याने एसएमएससुद्धा वायफायवरून येतो. ईमेल, फेसबुक यांसाठी ऑथेंटिकेटर ॲप लावा. त्याचा सहा आकडी कोड दर ३० सेकंदांनी फोनमध्येच तयार होतो, रेंज लागत नाही. फक्त फोनचं घड्याळ बरोबर हवं.

त्याहून चांगली गोष्ट म्हणजे पासकी. २०२२ पासून ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट तिघांनीही ती उचलून धरली. तुमच्या फोनमध्ये एक गुप्त किल्ली तयार होते आणि ती साईटकडे कधीच जात नाही. साईटकडे असते तिची उघड जोडी. लॉगिन करताना साईट एक कोडं पाठवते, फोन ते गुप्त किल्लीने सोडवतो, आणि तुम्ही फक्त बोट, पिन किंवा पॅटर्न देता. ही किल्ली त्या खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते, त्यामुळे बँकेसारखी दिसणारी खोटी साईट उघडली तर फोन ती वापरतच नाही. ओटीपी मात्र माणूस फोनवर बोलता बोलता कुणालाही सांगून बसतो.

पैशांच्या बाबतीतही दार किलकिलं झालंय. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेले निर्देश १ एप्रिल २०२६ पासूनचे. दोन प्रकारची ओळख लागणारच, पण त्यातली एक एसएमएसचा ओटीपीच असली पाहिजे असं बंधन नाही. यूपीआयला पिनऐवजी फोनचा ठसा किंवा चेहरा ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झाला, सुरुवातीला ५,००० रुपयांपर्यंत. आता यात ज्यांची बोटं लागत नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न बँकांना आपल्यासारख्यांनी विचारायला हवा. ठशाच्या शेजारी पिनचा रस्ता कायम उघडा राहिला पाहिजे. आणि मराठी वाचणाऱ्या ग्राहकाला मराठीत संदेश मागितला तर मिळाला पाहिजे. सुरक्षेची सूचना माणसाला कळलीच नाही तर तिचा उपयोग शून्य.

चिक्कोडीचा_ऊसवाला

स्टार्टरबद्दल मी सांगतो. थ्री फेज लाईट पाळीने येते, रात्री-अपरात्री सुद्धा. विंचू-सापाच्या अंधारात विहिरीवर जाण्यापेक्षा घरातून फोन लावून मोटर चालू करणं म्हणजे मोठं सुख आहे, त्याला नावं ठेवणार नाही. पण या पेटीच्या सुरक्षेकडे कोणी बघतच नाही.

पेटीत एक सिम असतं. त्या नंबरला फोन लावला की पेटी बघते, फोन करणारा नंबर यादीत आहे का. तिची ओळखपरेड एवढीच. यादी भरलेलीच नसेल तर काही पेट्या कुणाच्याही कॉलला मोटर चालू करतात. यादीत नाव घालायचं-काढायचं ते एसएमएसने, सोबत एक कोड लागतो. तो कोड कारखान्यातून निघताना एका मॉडेलच्या सगळ्या पेट्यांना एकच असतो आणि माहितीपत्रकात छापलेला असतो. पेटी बसवणारा तो बदलत नाही, आपणही बदलत नाही. मग भाऊबंदकीत पाण्यावरून वाद झाला की रात्री मोटर बंद कुणी केली ते शोधत बसायचं.

यादीत जुने नंबर राहू देऊ नका. रिचार्ज संपून बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्या कुणाला तरी मिळतो, आणि तुमची पेटी त्याचं ऐकते. पेटीचा नंबर गावभर देऊ नका. पेटी घेतानाच विचारा, नंबरासोबत पिन मागणारी आहे का. नवीन काही मॉडेलमध्ये ॲप असतं, त्यात लॉगिन असतं, ते बरं.

येळ्ळूरची_सून

आमच्या पेटीत मिस्टरांचा जुना गोव्याचा नंबर अजून असणार. तो बंद करून वर्ष होत आलं. हे डोक्यातच आलं नव्हतं. कॅमेऱ्यांचं पण सांगा कुणीतरी.

टिळकवाडी_नेटवर्क

कॅमेऱ्यांचं काम माझं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारी पेटी), राऊटर ताब्यात घेतले. त्याच्याकडे युक्ती एकच होती: कारखान्यातून आलेल्या ६० च्या आसपास नाव-पासवर्डांच्या जोड्या एकेक करून लावून बघायच्या. ‘ॲडमिन, ॲडमिन’ छापाच्या. तेवढ्यावर गोळा केलेल्या यंत्रांनी एकदम मारा केला आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अमेरिकेत मोठमोठ्या साईट तासन्‌तास बंद पडल्या. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून असले सरसकट पासवर्ड विकायलाच बंदी केली. आपल्याकडेही २०२५ पासून नव्या सीसीटीव्हीला सुरक्षा तपासणी सक्तीची झाली, पण गोठ्यावर आधीच लटकलेल्या कॅमेऱ्याला त्याने काय फरक पडणार?

ताई, तुमच्याकडे पासवर्डपेक्षा मोठा प्रश्न मालकीचा आहे. बसवणारे बहुतेक वेळा कॅमेरा स्वतःच्या ॲपमध्ये जोडतात आणि तुम्हाला नुसतं बघायला शेअर करतात. म्हणजे मालक तो, तुम्ही पाहुणे. त्याला बोलावून कॅमेरा त्याच्या खात्यातून काढायला लावा, क्यूआर स्कॅन करून तुमच्या खात्यात घ्या, मग नवीन पासवर्ड टाका. तो ऐकत नसेल तर डीव्हीआर रिसेट करून घेता येतो. राऊटरच्या ॲडमिनचाही पासवर्ड बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राऊटरच्या आतला वेगळा असतो, हे बऱ्याच घरांत माहीत नसतं. घराच्या आत, बायका-पोरं वावरतात तिथे कॅमेरा लावूच नका, कितीही चांगला पासवर्ड असला तरी.

दारावरच्या स्मार्ट लॉकबद्दल हल्ली फ्लॅटवाले विचारतात. मुलं बाहेरगावी, आईवडील एकटे, म्हणून बसवतात. घ्यायचं तर किल्लीचं भोक असलेलंच घ्या, आणि सेल संपल्यावर बाहेरून तात्पुरता करंट देता येतो ना ते बघून घ्या. कामवाल्या मावशींना वेगळा कोड द्या, म्हणजे कधी बदलावा लागला तर एकाचाच बदलेल.

येळ्ळूरची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंचा पॅटर्न बसला, त्या तो अंधारातही काढतात. गॅलरीतले आधारचे फोटो काढले, मेसेज लपवले. मामंजींना सहा आकडी पिन. आधार लॉक उद्या करतेय. कॅमेऱ्यावाल्याला फोन केलाय. आता फक्त स्टार्टर राहिला. माहितीपत्रक हरवलंय, मिस्टर गणपतीलाच येणार. मला जमेल का?

चिक्कोडीचा_ऊसवाला

जमेल की, न जमायला काय झालं. बहुतेक पेट्यांच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कोड लिहिलेला कागद चिकटवलेला असतो. नसेल तर पेटीवरचा मॉडेल नंबर दुकानदाराला कळवा, तो एसएमएस कसा लिहायचा ते पाठवेल. आधी तुमचा आणि मामंजींचा नंबर यादीत घाला, दोघांच्या फोनवरून मोटर चालू-बंद होते का बघा, मग जुना गोव्याचा नंबर काढा आणि शेवटी कोड बदला. झाकण उघडायच्या आधी मेन स्विच पाडायचा आणि मामंजींना सोबत घ्यायचं. पेटीत हात असताना लांबून कुणाचा कॉल आला तर मोटर सुरू होते, आणि जुना नंबर अजून यादीत आहे.